चिनी आभाळाची कातरणं

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लक्ष्मीचं कॅलेंडर. तलासरीकडच्या एका पाड्यावरचा माणूस ते नळी करून, सुतळी बांधून घेऊन आला होता. साधं काम. तिनं खळ कालवली, मी लाकडाच्या पट्ट्या कोनात कापल्या. चौकट जुळवताना ती कोपरा दोन्ही हातांनी दाबून धरायची आणि मी चूक मारायचो. बारीक, बिनडोक्याचा खिळा असतो, त्याला आमच्यात चूक म्हणतात. एका कोपऱ्याला दोन. चार कोपऱ्यांना आठ चुका. लग्न झाल्यापासून हेच केलं.

मग कॅलेंडरची खालची बाजू कापायची वेळ आली. तिनं कात्री उचलली, माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवून बसली. दहा वर्षं ती असंच करत होती. मी कापलं. खालचं कातरण तिनं उचललं, त्यावर कुठल्याशा तेलवाल्याचं नाव होतं, ते बिस्किटाच्या डब्यात टाकलं आणि झाकण लावताना म्हणाली, "अहो, ते चिनी तुकडे देऊन टाका आता. डबा उघडला की तेच वर येतात."

मी म्हटलं, बघू उद्या.

दुपारी ताटावरून उठताना ती भिंतीला टेकली, हात धुवायचे राहिले, आणि गेली. सकाळी काम केलं, दुपारी गेली, दिवस मावळायच्या आत जाळून आलो. सगळं एका दिवसात. आणि मी तिला काय देऊन बसलो होतो, तर बघू उद्या.

ते चिनी तुकडे कसले, ते आता सांगतो. सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण लपवून दहा वर्षं काढली, आता कोणासाठी लपवू?

माझं दुकान डहाणू रोडला, मसोलीच्या बाजूला. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. चौथीपर्यंत शिकलो, मग बापानं हातात करवत दिली. तसबिरी बांधण्यात माझा हात चांगला होता, पार घोलवडहून लोक यायचे. येणारे सगळे देव घेऊन यायचे. कॅलेंडरचे देव. वर्ष संपलं की तारखा फाडायच्या आणि देव काचेत घालून भिंतीवर कायमचा. म्हणून माझ्याकडे तीनच मापांच्या चौकटी तयार असत, तिन्ही कॅलेंडरच्या देवाच्या मापाच्या. देव आत बसवायचा तर खालची छापील पट्टी कापावीच लागे. तिच्यावर असायचं काय? विडीवाल्याचं नाव, साबणवाल्याचं नाव. देवाच्या पायाशी विडीवाला कशाला? काप.

हे कापायचं काम बायकोचं. ती शाळेत एक दिवस गेली नव्हती, पण कात्री सरळ चालवायची. कापलेलं मात्र कधी फेकलं नाही. छापील अक्षर आहे, पायाखाली येऊ नये, चुलीत जाऊ नये, म्हणून सगळी कातरणं त्या पत्र्याच्या डब्यात. गणपती पोचवायला समुद्रावर गेलो की डबा पाण्यात रिकामा करायची. विडीवाले, साबणवाले, तेलवाले, सगळे गणपतीच्या मागोमाग. मी हसायचो. तुला वाचता येत नाही म्हणून अक्षराची एवढी भीती, असं म्हणायचो. एकदा ती म्हणाली, "तुम्हाला येतं ना? मग तुम्ही आजवर काय वाचलंत?" मी तिच्यावर खेकसलो.

आता शेठ. चिखल्याला त्याची चिकूची वाडी, समुद्राकडे तोंड करून बंगला. गोरे साहेब जाऊन दहाएक वर्षं झाली होती, पण मुंबईला त्यांचं सामान अजून लिलावात निघत होतं आणि आमचे असले शेठ ते हौसेनं घरी आणत होते. साहेबाची खुर्ची, साहेबाचं घड्याळ. साहेब गेला, पण त्याच्या बुडाखालची खुर्ची यांना पाहिजे. तसाच हा एक दिवस पाच चित्रं घेऊन दुकानात आला.

म्हणाला, फार जुनी आहेत, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, पूर्वी चीनमधले विद्वान आभाळ कसं मोजायचे ते यात दाखवलं आहे. हात जपून लाव. मी बघितलं. रंगाचं नाव नाही, नुसत्या काळ्या रेघा. एकात उंच भिंतीवर गच्ची आणि गच्चीवर मोठमोठी कडी नि गोळे मांडलेले, वाण्यानं वजनं मांडावीत तसे. दुसऱ्यात कड्यांत कडी अडकवलेला गोल आणि तो चार मिशीवाल्या अजगरांनी पाठीवर उचललेला. तिसऱ्यात लांब बाह्यांचा एक चिनी, डोळा नळीला लावून. चौथ्यात एक खांब, आणि त्याची सावली जमिनीवर मोजणारी दोन माणसं. पाचव्यात नुसता गोल, त्यात ठिपकेच ठिपके, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा.

माझ्या मनात आलं, आभाळ काय कापड आहे, गजानं मोजायला? आणि मोजून चिन्यांच्या हाती लागलं काय? पण ते तोंडानं बोललो नाही. गिऱ्हाईक होतं.

बायको त्या पाचव्या चित्रावर वाकून बघत राहिली. मग एका जागी बोट ठेवून म्हणाली, "ही म्हातारीची बाज." तिचं माहेर तलासरीच्या पलीकडचं. लहानपणी खळ्यावर भाताची राखण करताना तिच्या बापानं तिला आभाळातली बाज दाखवली होती. चार चांदण्या म्हणजे बाजेचे चार पाय, आणि मागचे तीन ते चोर. म्हातारीला कधी झोप लागते आणि बाज कधी पळवतो म्हणून वाट बघत बसलेले. "चिन्यांच्यातही म्हातारी आहे वाटतं," ती म्हणाली. मी म्हटलं, असेल, तू खळ कालव.

चित्रांच्या खाली पांढरी जागा होती आणि तिच्यात इंग्रजी अक्षरांच्या दोन-दोन ओळी. तयार चौकटीत चित्रं बसेनात. तिनं कात्री हातात घेतली आणि थांबली. "कापू ना? हे कॅलेंडर नाही." मला नवीन मापाच्या चौकटी करायचा कंटाळा. मी म्हटलं, काप. गोऱ्याचं असलं म्हणून काय झालं, खालचं अक्षर म्हणजे दुकानदाराचं नाव. तिनं कापलं. पाच कातरणं डब्यात गेली. गोल चित्राची वरची बाजू कुठली, खालची कुठली, हे अक्षरं गेल्यावर मला कळेना. अंदाजानं कडी ठोकली.

शेठनं चित्रं दिवाणखान्यात लावली आणि लगेच बघायला दोघांना चहाला बोलावलं. एक शाळेचा हेडमास्तर, दुसरा मामलेदार कचेरीतला अव्वल कारकून. हे दोघे कोणी चहाला बोलावलं की जायचेच. स्वतःच्या घरी ते चहा पितात असं मी कधी ऐकलं नाही. चित्रं तिरपी दिसतात म्हणून मलाही बोलावलं होतं, आणि काचा पुसायला बायको माझ्याबरोबर होती. म्हणून आम्ही दोघांनी तो तमाशा समोर उभं राहून बघितला.

शेठनं चष्मा चढवला, पहिल्या चित्राकडे बोट केलं, म्हणाला, हे जे आहे, हे म्हणजे... आणि खाली वाकला. वाकून बघतो तर अक्षरं नाहीत. दुसऱ्या चित्राकडे गेला, तिथेही वाकला. मग तिसऱ्याकडे. माणसाची एवढी फजिती मी दुसरी पाहिली नाही. साहेबाच्या चित्रांतलं याला जे काही ठाऊक होतं ते सगळं त्या दोन ओळींत होतं आणि त्या ओळी माझ्या घरी बिस्किटाच्या डब्यात होत्या.

शेठ गप्प झाला तसे पगारी विद्वान पुढे सरसावले. कड्यांच्या गोलाकडे बघून कारकून म्हणाला, हा रहाट आहे, चिनी लोक याच्यानं पाणी उपसतात. हेडमास्तर म्हणाला, छे, ही चिनी राजाची कुंडली. मग त्या अजगरांवरून जुंपली.

"मगरी आहेत त्या," कारकून म्हणाला.

"मगरीला मिशा असतात?"

"चीनमध्ये असतात."

हेडमास्तरनं मान हलवली. पटलं त्याला. हा माणूस पोरांना भूगोल शिकवायचा.

पाचव्या चित्रापाशी येऊन तिघे उभे राहिले. एक म्हणाला नांगर, एक म्हणाला होडी. बायको शेजारच्या चित्राची काच पुसत होती. ती आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली, "बाज उलटी टांगली आहे. म्हातारी पडेल." हेडमास्तर हसला. बाजारात आलेली कोंबडी बोलली तर हसावं तसा हसला. आणि त्या हसण्यानं शेठला आठवलं की आपल्याला कोणावर तरी रागवायचं आहे.

"अरे सुतार, आ शुं कर्युं? नीचे लिहिलेलं होतं ते कुठे गेलं?"

मी तेव्हा खरं बोललो असतो तर काय झालं असतं? चार शब्द ऐकले असते, घरी येऊन कातरणं आणली असती, पाच चौकटी नव्यानं केल्या असत्या. एवढंच. पण कारकून बघत होता, हेडमास्तर बघत होता. माझा हात चांगला म्हणून नाव होतं. मी म्हणालो, "बायकोनं कापलं, शेठ. मी घरात नव्हतो. अडाणी आहे ती."

"ते तुकडे कुठे?"

"चुलीत घातले असतील."

ती माझ्या शेजारी उभी होती, हातात फडकं. माझ्याकडे एकदा बघितलं. डबा घरी फळीवर आहे हे तिला ठाऊक, मला ठाऊक. ती पुन्हा काच पुसायला वळली. शेठ तिला म्हणाला, बाई, तू चीनचं अख्खं आभाळ चुलीत घातलंस. हेडमास्तरला ते वाक्य इतकं आवडलं की त्यानं ते बंगल्यापासून स्टेशनपर्यंत वाटत नेलं. तो स्वतः असलं वाक्य कधी करू शकला नसता, म्हणून दुसऱ्याचं वाटलं.

घरी आल्यावर मला वाटलं ती भांडेल. तिनं डबा उतरवला, पाच कातरणं बाहेर काढली, एकेक सरळ केली. मग म्हणाली, "कापलं म्हणालात, ते ठीक. मी कापलंच. पण चुलीत? मी अक्षर चुलीत घालते?"

मी म्हटलं, गेलं आता, विसर. मोठा आलो सांगणारा.

बाजारानं विसरू दिलं नाही. चिंचणीच्या मासेवाल्या दारावरून जायच्या, त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. टोपली उतरवायच्या आधी विचारायच्या, "काय वहिनी, आज चुलीवर काय, बोंबील की आभाळ?" ती हसून घ्यायची, बोंबील घ्यायची. मी आत बसून रंधा मारायचो. मासेवाल्यांचं मी मनावर घेत नाही, त्या तोंडावर बोलायच्या. शाळेची पोरं तिला चूलवाली म्हणायची, ती मात्र हेडमास्तरनं शिकवलेली. त्यानं पोरांना जे काही शिकवलं त्यातलं तेवढंच टिकलं.

त्या दिवसापासून तिनं कापायची कात्री हातात धरली नाही. बाकी सगळं करायची. कापायची वेळ आली की कात्री माझ्या हातात द्यायची आणि तोंड फिरवायची. एकदा मी चिडून म्हणालो, किती वर्षं चालणार हे? म्हणाली, "मी घरात नाही असं धरा." माझेच शब्द. मी त्या दिवशी शेठला तेच सांगितलं होतं, मी घरात नव्हतो म्हणून.

गणपती पोचवायला गेलो की ती डबा समुद्रात रिकामा करायची, पण ती पाच कातरणं आधी काढून पदरात बांधून ठेवायची आणि परत आल्यावर पुन्हा डब्यात. दर वर्षी समुद्रावरून येताना एकदा विचारायची, देता का? मी म्हणायचो, बघू उद्या. कारण मी चुलीत घातली म्हणून सांगून बसलो होतो. चुलीत गेलेली वस्तू कोणत्या तोंडानं नेऊन देणार? खोटं बोलणाऱ्याला लाज नसते, पण पकडलं जायची असते.

मधे चीनशी लढाई झाली. कारकुनानं शेठला सांगितलं की चिनी चित्रं भिंतीवर बरी दिसत नाहीत. शेठनं पाचही चित्रं तोंड भिंतीकडे करून टांगली. लोक येऊन माझ्या चौकटींची पाठ बघायचे. लढाई संपली, थोडे दिवस गेले, चित्रं पुन्हा सरळ झाली. सरळ म्हणजे आधीसारखी. बाज उलटीच.

आता सकाळचं सांगतो.

तिला जाळून आलो त्या रात्री मेव्हणा माझ्याकडे थांबला होता. तिचा धाकटा भाऊ, तलासरीहून आलेला. सकाळी उठलो, आंघोळ केली, डबा उतरवला. कातरणं काढली. मेव्हण्यानं विचारलं, कुठे? मी म्हटलं, चिखल्याला. तो दारात आडवा उभा राहिला. "भावजी, सुतक आहे. कोणाच्या घरात शिरायचं नाही." मी म्हटलं, शिरत नाही. अंगणात उभा राहतो.

चालत गेलो. शेठ व्हरांड्यात होता, म्हातारा झालेला, बशीतून चहा ओढत. शेजारी हेडमास्तर. पेन्शन बसली तरी सकाळचा चहा त्याचा तिथेच. बरं झालं, दोघांना वेगवेगळं सांगायला लागलं नाही. मी पायरीच्या खाली उभा राहिलो आणि कातरणं पायरीवर ठेवली.

"हे तुमच्या चित्रांच्या खालचे तुकडे," मी म्हणालो.

शेठ म्हणाला, "कसले तुकडे?"

तो विसरला होता. बायकोनं दहा वर्षं ज्याचा भार डब्यात वागवला तो या माणसाच्या ध्यानातसुद्धा नव्हता. त्या क्षणी त्याच्याइतका हलका माणूस मला जगात दिसला नाही, आणि लगेच वाटलं, आपण त्याच्याहून हलके. तो विसरला तरी. मी काय केलं?

हेडमास्तरला बरोबर आठवलं. म्हणाला, ते चुलीत गेले होते ना? तुझ्या बायकोनं...

"चुलीत काही गेलं नव्हतं. काप म्हणून मी सांगितलं होतं. मी घरात होतो. चुलीत घातले हे मी खोटं सांगितलं. तिनं जन्मात अक्षर जाळलं नाही."

शेठनं विचारलं, आज कसं आठवलं हे, ती कुठे आहे?

"काल जाळली," मी म्हणालो.

शेठनं बशी खाली ठेवली. ते वर ये म्हणतील याची मी वाट बघत नव्हतो आणि ते म्हणाले नाहीत. मी म्हटलं, ते गोल चित्र बाहेर आणून द्या. नोकरानं आणून पायरीवर ठेवलं. हेडमास्तरनं कातरणं उचलली, डोळ्यांजवळ धरून एकेक वाचली आणि एक बाजूला काढलं. उत्तरेकडचं आभाळ, असं लिहिलंय म्हणाला. मी अंगणातूनच चौकट फिरवली, मागच्या चुका उपटल्या, कागद बाहेर काढला आणि कातरण त्याच्या कडेला लावून बघितलं. खालच्या कडेला लागेना. वरच्या कडेला लावलं, रेघेला रेघ लागली. तिची कात्री सरळ होती म्हणून एवढ्या वर्षांनीही लागली.

हेडमास्तर म्हणाला, "म्हणजे हे उलटं होतं."

मी म्हटलं, "ती सांगत होती. तुम्ही हसलात."

बाकीची चार कातरणं त्याच्याकडेच ठेवली. म्हटलं, वाचा आणि यांना सांगा मगरी कुठल्या आणि रहाट कुठला. हे जोडून आणतो म्हणून चित्र घेतलं आणि चालत घरी आलो.

मेव्हणा ओट्यावर बसला होता. मी करवत काढलेली बघून म्हणाला, सुतकात हत्यार धरू नये. मी म्हटलं, मग बघू नकोस. तो आत गेला. जुनी चौकट आखूड, कातरण जोडल्यावर चित्र तिच्यात मावणार नव्हतं. दहा वर्षांपूर्वी ज्याचा कंटाळा केला तेच काम. नवीन माप घेतलं. चार पट्ट्या कापल्या, कोन जुळवले. वाटीत तिनं आदल्या दिवशी कालवलेली खळ होती, वर साय धरलेली, जरा आंबलेली. बोटानं साय काढली आणि तीच लावली. कातरण बसलं.

मग चौकट ठोकायला घेतली आणि कोपरा धरायला कोणी नव्हतं. मेव्हण्याला हाक मारली असती तर तो आला असता. मारली नाही. पट्टी पायाच्या अंगठ्यात दाबून धरली, एका हातानं कोन जुळवला, दुसऱ्या हातानं हातोडी. पहिली चूक वाकडी गेली. उपटली, पुन्हा मारली.